पंप जितका जोरदार, जमीन तितकी खोल: पोल्डरची गोष्ट

पाणी उपसलं, जमीन मिळाली, काम संपलं. नेदरलँड्समधल्या पोल्डरबद्दल आपला साधारण असाच समज असतो. पण संशोधनाच्या दृष्टीने खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

पोल्डर म्हणजे बांध घालून वेगळी केलेली सखल जमीन, जिथे पाण्याची पातळी माणूस ठरवतो. मध्ययुगात तिथे पंप नव्हतेच. दलदलीत चर खणायचे आणि बांधात दार बसवायचं; ते ओहोटीला उघडतं, भरतीला बंद होतं. गोव्यातल्या खाजन शेतीतली 'मानस' याच तत्त्वावर चालते.

मग अडलं कुठे? तिथली बरीच जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. पाणी काढलं की पीट आकसतं. हवा लागली की त्याचं विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जमीन इतकी खचली की ओहोटीलाही पाणी आपोआप जाईना.

१५व्या शतकापासून पवनचक्क्या पाणी उपसू लागल्या. एक चक्की साधारण दीड मीटरच पाणी उचलते, म्हणून खोल ठिकाणी त्या टप्प्याटप्प्याने लावत. तळीही अशीच कोरडी केली. १६१२मध्ये बेमस्टर तळं कोरडं झालं. चरांतलं पाणी बांधाबाहेरच्या, उंचावरच्या वेढा-कालव्यात टाकायचं आणि तिथून समुद्राकडे सोडायचं, अशी ही रचना. पुढे वाफ आली. १८४९ ते १८५२ या काळात तीन वाफेच्या पंपिंग स्टेशनांनी सुमारे १८,००० हेक्टरचं हार्लेमरमेर रिकामं केलं. आजचा स्किपोल विमानतळ त्याच तळावर आहे.

नंतर डिझेल आणि विजेचे पंप आले. पाणी आणखी खाली नेणं सोपं झालं आणि पीटची जमीन आणखी खचू लागली. हाच फीडबॅक लूप: उपसा, खचणं, पुन्हा जास्त उपसा. इथे हितसंबंधही भिडतात. कोरड्या कुरणासाठी शेतकऱ्याला पातळी खाली हवी. जुन्या घरांचे लाकडी खांब मात्र पाण्याबाहेर आले की कुजतात, म्हणून घरमालकाला ती वर हवी.

आता तुमच्या विषयाकडे बघा. 'हा उपाय चालतो का?' एवढंच विचारू नका. 'किती काळ चालतो, आणि मूळ प्रश्नाचं काय करतो?' हेही विचारा. प्रपोजल लिहिण्याआधी कागदावर बाण काढा. एखादा बाण फिरून सुरुवातीलाच येत असेल, तर दोन वर्षांचा डेटा पुरेल का, हे आधी तपासा.