ताईच्या उशाशी

मागच्या महिन्यात माझ्या पुतण्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर निघाला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेले हात आले, हळदीचे काढे आले, ‘पॉझिटिव्ह राहा’ आलं. घरी येऊन तिच्या उशाशी मात्र कोणी बसलं नाही. ते फार लागलं, आणि माझ्या ताईची आजारपणातली नऊ-दहा वर्षं डोळ्यांपुढे आली.

१९९४ साली ताईला हाच आजार झाला. त्याआधी आमच्या घरात नोकऱ्या, लग्नं, बारशी, एवढंच. साताऱ्याहून तिला परळला आणलं. टाटा रुग्णालय १९४१पासून तिथे आहे, पण ‘टाटाला नेलं’ हे आमच्याकडे तेव्हाही दबक्या आवाजात बोलत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे विदर्भातले एक शेतकरी रांगेत माझा नंबर धरायचे आणि मी त्यांच्या बायकोसाठी मऊ भात करायची. एकमेकांची आडनावंही आम्हाला माहीत नव्हती.

दर एकवीस दिवसांनी केमो. त्यातलं एक औषध लालभडक होतं. त्याने लघवीही लाल होते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या रात्री रक्त समजून आम्ही दोघी रडलो. फोडणीच्या वासाने तिला उलटी व्हायची, म्हणून फोडणी बंद केली. तोंड आलं की गार दहीभात, तोही चार घास. बाकी एका हाताने पातेलं धरायचं, दुसरा तिच्या पाठीवर ठेवायचा आणि गप्प राहायचं.

ऑपरेशननंतर हात वर जाईना. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला होता. बोटं पोचतील तिथे मी पेन्सिलीने रेघ मारायची. पहिली रेघ खांद्याच्याही खाली होती. तीन महिन्यांनी ताईने स्वतःची वेणी घालायला हात वर नेला. केस गेलेले आहेत हे क्षणभर तीही विसरली होती.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. ‘तिला सांगू नका’ हा त्यांचा हुकूम. सहा महिने आम्ही तिच्याशी खोटं बोललो. एक दिवस तीच म्हणाली, “मला माहितीये गं. तुम्ही रडायला बाहेर जाता आणि मी इथे एकटी पडते.” एका नातलगबाईंनी तिचा कप वेगळा ठेवला होता. हा रोग शिवून लागत नाही, हे मी त्यांना चारचौघांत सुनावलं. आजही सुनावीन.

पुढे आजार हाडांत गेला. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने त्या वेदनांवरचं मॉर्फिन मिळवणं महाकठीण करून ठेवलं होतं. त्यात सवलत आली २०१४ साली. ताई २००३मध्ये गेली, कण्हत.

नंतर औषधं सुधारली, उलट्या पुष्कळ आटोक्यात आल्या, जनआरोग्य योजनेने गरिबाच्या उपचाराला पैसा दिला. हे सगळं चांगलंच झालं. कमी झाली ती माणसं. रांगेत उभं राहणारी, डबा आणणारी, काही न विचारता पाय चेपणारी.

सूनबाईचा तिसरा डोस येत्या मंगळवारी आहे. सकाळी सातला निघायचंय. गाडीत एक जागा रिकामी आहे. ग्रुपवरच्या कोणीतरी यावं.