वीतभर हात, आठवी ग्रेड

पहाटे साडेपाच

चहाच्या आधी पियानोचा बल्ब. खालची फळी काढून वाकून बघते, पेटलेला आहे ना. श्रावण संपेपर्यंत तो विझवायचा नाही. झीरोचा जुना पिवळा बल्ब. नाव झीरो, पण पंधराएक वॅट खातो आणि मला तेवढीच ऊब हवी असते. एलईडी इथे कामाचा नाही, त्याला ऊबच नसते. असले बल्ब आता शोधावे लागतात, म्हणून दिसले की मी सहा-सहा उचलते. दुकानदाराला वाटतं देवघरासाठी.

पार्ल्यात तळमजल्यावर पियानो ठेवायचा म्हणजे पावसाळ्यात लाकूड आणि फेल्ट दोन्ही ओल पिणार, आणि दाबलेली पट्टी वर यायला कुरकुरणार. आज मधल्या सीच्या वरची एफ रुसली आहे. दोन-चारदा खालीवर केली, सुटली. संध्याकाळी पुन्हा अडकेल.

सहा

मधलं पेडल दाबून बाजूला अडकवलं की हातोड्या आणि तारांच्या मध्ये फेल्टचा पडदा येतो. वरचे आजोबा सातपर्यंत झोपतात. त्या पडद्याआड अर्धा तास स्केल्स. आधी दोन्ही हात सरळ ऑक्टेव्हच्या अंतराने, मग तिसऱ्या सुराच्या, मग सहाव्या. सहाव्याच्या अंतराला अजूनही गडबड होते: दोन हात दोन वेगळ्या सुरांवरून निघतात आणि अंगठ्यांची वळणं नेहमीच्या ठिकाणी भेटत नाहीत. तीस वर्षं शिकवतेय, तरी पावसाळी सकाळी एखादा अंगठा उशिरा पोचतोच. पोरांना हे सांगत नाही. मोठ्यांना सांगते, त्यांना बरं वाटतं.

सात

अकरावीतली मुलगी येते. नऊला तिचा क्लास, म्हणून ही वेळ. आठव्या ग्रेडला अकरा आठवडे राहिलेत. थिअरीची पाचवी ग्रेड दोन वर्षांपूर्वीच दिली, कारण तिच्याशिवाय पाचवीच्या पुढे जाता येत नाही. छत्री दाराबाहेर, ओले पाय पायपुसण्यावर आणि बसायच्या आधीच घोषणा.

"टीचर, माझं ठरलं. पथेतीक."

बेथोव्हनचा तेराव्या ओपसचा, 1799 साली छापलेला सोनाटा. सी मायनर. दर दोन वर्षांनी कोणीतरी हे 'माझं ठरलं' घेऊन येतंच. सुरुवातीचे ते जड, थांबत-थांबत पडणारे कॉर्ड्स ऐकले की सतरा वर्षांच्या माणसाला आपलंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं. मलाही वाटलं होतं.

"पहिली मूव्हमेंट. परफॉर्मन्स ग्रेडला एक पीस आपल्या पसंतीचा चालतो ना?"

चालतो, पण त्याच तोडीचा हवा. एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षेला आता दोन वाटा आहेत. जुन्या वाटेने गेलं तर परीक्षकासमोर तीन पीस, प्रत्येकी 30 गुण. शिवाय स्केल्स-आर्पेजिओंना 21, साइट-रीडिंगला 21 आणि ऑरलला 18. दुसरी वाट, ही परफॉर्मन्स ग्रेड, 2020 मध्ये आली: चार पीस, सलग एका दमात चित्रित करून पाठवायचे, मध्ये कापाकापी नाही. चारांचे 120, आणि एकूण सादरीकरणाचे 30. दोन्हीकडे बेरीज 150, पास 100 ला, मेरिट 120, डिस्टिंक्शन 130. स्केल्स चुकवायला म्हणून पोरं दुसऱ्या वाटेकडे धावतात. मी अडवत नाही. फक्त स्केल्स परीक्षेत नसल्या तरी माझ्या खोलीत असतात.

"हात ठेव बघू."

ऑक्टेव्ह म्हणजे पट्ट्यांवर साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास. आपल्याकडे वीत म्हणतात ते हेच माप, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. हिची वीत ऑक्टेव्हला पोचते, पण काठावरून. अंगठा पट्टीच्या कडेला लटकतो, करंगळी आडवी पडते, तळवा ताणून चपटा होतो. एकेकटी ऑक्टेव्ह असेल तर निभावून जाईल. पथेतीकमध्ये जड प्रस्तावना संपली की डावा हात ऑक्टेव्ह फोडून वाजवायला लागतो, खाली-वर, खाली-वर, वेगात, आणि कितीतरी वेळ थांबत नाही.

"वाजव. नुसता डावा हात."

वाजवला. पहिले चार बार सुंदर. सहाव्यात खांदा वर गेला. आठव्यात मी तिच्या कोपराच्या खाली बोट लावून पाहिलं, कच्च्या कैरीसारखं टणक.

"दुखतंय?"

"नाही... थोडंसं."

थोडंसं म्हणजे खूप. हाताच्या बाबतीत मुली खोटं बोलतात आणि मुलगे उपचाराला उशीर करतात, एवढं मी शिकले आहे.

मग पुढचा पाऊण तास दुसरं काही नाही, एवढंच. कुलपात किल्ली फिरवताना बोटं काही करत नाहीत, कोपरापासून पुढचा हात फिरतो. तेच इथे. करंगळीकडे कललं की अंगठा आपोआप उचलला जातो, अंगठ्याकडे कललं की करंगळी. बोटं वेगळी उचलायची नाहीत. तिला आधी ऑक्टेव्ह देतच नाही. सी आणि ए, सहा सुरांचं अंतर. हात ताणलेला नाही म्हणून फिरणं जाणवतं. मेट्रोनोम साठवर. दोन सूर वाजव, चार ठोके हात सैल सोड. पुन्हा दोन. मग चार सूर आणि सैल. मग सी-बी. मग ऑक्टेव्ह, आणि तिथे पोचताच मनगट पुन्हा आवळलं. ती चिडली. मी म्हटलं, परत सी-ए.

सव्वाआठला तिने विचारलं, "मग नाहीच का?"

"असं बघ. बेथोव्हनच हवा ना? दुसऱ्या ओपसचा पहिला घे, एफ मायनर. तोही चिडलेलाच आहे. सुरुवातच पायऱ्या चढत जाणारी, टोकदार. आणि डाव्या हातात फोडलेल्या ऑक्टेव्ह यातही येतात, पण थोडा वेळ, आणि श्वास घ्यायला जागा आहे. पहिली मूव्हमेंट तीन-चार मिनिटांत संपते. पथेतीकची आठ-एक मिनिटं खाते."

"तो सोपा वाटतो."

"वाजवून बघितलास?"

उत्तर नाही. पिशवीत पुस्तक भरताना तिचा चेहरा रिक्षा न मिळालेल्या माणसासारखा झाला होता.

साडेनऊ

भाजी, बँक, गॅसवाला. समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. दहाला ड्रिल सुरू होतं, एकला जेवायला थांबतं. आमचं वेळापत्रक आता त्याच्यावर.

अकरा

ड्रिलच्या आवाजात पियानो वाजवणं म्हणजे स्वतःचा अपमान. म्हणून या वेळेत पेन्सिल. मुलीच्या बाखच्या फ्यूगमध्ये बोटांचे आकडे घालायचे आहेत. ए यादीतला पीस ठरून महिना झाला. ए यादी साधारण बोटांच्या चपळाईची, बी गाणारी, सी मध्ये नाना तऱ्हा. तिन्हींतून एकेक घ्यावाच लागतो. फ्यूगमध्ये तीन आवाज आणि हात दोनच. मधला आवाज कधी उजव्या हाताच्या अंगठ्याकडे, कधी डाव्याच्या. छापील पुस्तकातले आकडे कोणा मोठ्या पंजाच्या संपादकाने घातलेत. एका ठिकाणी उजव्या हाताला खालचा सूर धरून वर सातवा गाठायचा आहे. तो खालचा सूर मी सरळ डाव्या हाताला दिला. कान कोणता हात वाजवतोय ते विचारत नाही.

माझ्या लहानपणीच्या टीचर गोव्याच्या, गिरगावात राहायच्या. त्या माझ्या पंजाच्या मागे रुपयाचं नाणं ठेवायच्या. नाणं पडलं की स्केल पहिल्यापासून. नाणं पडू नये म्हणून मी मनगट असं गोठवलं की ते सोडवायला पुढे दहा वर्षं गेली. आज सकाळी ज्या फिरण्यावर पाऊण तास घातला, त्यात नाणं पहिल्याच कलण्यात खाली पडलं असतं. त्यांचा राग नाही. त्यांनी मला बाख दिला आणि धोबी तलावला नेऊन पहिलं पुस्तक घेऊन दिलं. पण नाणं चूकच होतं.

एक

ड्रिल थांबलं. जेवण मागे ठेवून पथेतीक काढलं. बऱ्याच वर्षांनी. माझी वीत हिच्यापेक्षा अर्ध्या बोटाने मोठी आहे, तरी चौथ्या पानापर्यंत हात भरून आला. म्हणजे मी नाही म्हटलं ते बरोबर. आणि सोनाटा तर अजून तितकाच हवाहवासा आहे, त्यामुळे नाही म्हटल्याचं वाईटही वाटलं. वरण गार झालं.

दोन ते चार

सोसायटीचा शांततेचा वेळ. झोपले.

चार ते सहा

तीन छोटी मुलं, पाठोपाठ. पहिली ग्रेड, पहिली ग्रेड, आणि एकाला ग्रेडच नको, त्याला सिनेमातलं गाणं हवंय. त्याचा तास सर्वांत मजेत गेला. एफ पट्टी अपेक्षेप्रमाणे अडकली. त्याने तिला 'मेलेली' म्हटलं.

साडेसहा

डॉक्टर येतात. वय शेहेचाळीस, हातात ऑक्टेव्ह सोडून दोन पट्ट्या पुढे जाणारी बोटं आणि सरावाला वेळ शून्य. त्यांची गोष्ट उलटी. हात सगळं करायला तयार, म्हणून सगळंच निवडायची घाई. दोन महिन्यांत तीन पीस बदलले. आता शोपँचा ई मायनर नॉक्टर्न धरून ठेवलाय, तो शोपँच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 1855 मध्ये छापला गेला. डावा हात तीन-तीनच्या लाटांत लांबवर पसरतो. इतरांना ती लाट पेडलवर तोलावी लागते. डॉक्टरांना बोटांनीच जमते, म्हणून त्यांचं पेडल आळशी.

"डॉक्टर, पाय सुराबरोबर खाली जातोय. सुराच्या नंतर जायला हवा."

"नंतर किती?"

"सूर उमटला, तो ऐकलात, मग. वर मात्र सुराबरोबरच येऊ दे, नाहीतर मागचा सूर पुढच्यात कालवला जातो."

नुसत्या दोन कॉर्ड्सवर दहा मिनिटं. घरी त्यांचा डिजिटल पियानो. त्यावर पेडल हलकं आणि चूक झाकणारं. इथे जुन्या लाकडात सगळं ऐकू येतं, चप्पल घासल्यासकट. परीक्षेच्या हॉलमध्येही परकाच पियानो असतो, आणि तो माफ करेल याचा भरवसा नाही. म्हणून मी शेवटच्या महिन्यात सगळ्यांना तीन वेगवेगळ्या पियानोंवर वाजवायला लावते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यापेक्षा जरा मोठा पीस घेतला असता तर?" मी पेन्सिल दाखवली. ते हसले आणि पुन्हा दोन कॉर्ड्सवर गेले.

साडेनऊ

फोनवर मुलीचा व्हिडिओ. एफ मायनरचं पहिलं पान, धीम्या लयीत, आणि त्यातली डाव्या हाताची जागा तीनदा. मनगट फिरतंय. दुसऱ्या खेपेला तर खरंच सुटं. तिसऱ्याला पुन्हा आवळलं. पुन्हा लावून पाहिलं, आवाज बंद करून. हात नाही, खुर्ची. घरच्या कीबोर्डसमोर ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आहे आणि कोपर पट्ट्यांच्या चांगलं खाली लटकतंय. इथल्या बाकावर ते दिसलं नसतं. व्हिडिओ संपत आला तरी कॅमेरा बंद नाही. शेवटी तिने पथेतीकचे ते जड कॉर्ड्स वाजवले, चारच, आणि फोन पालथा पडला.

त्या चार कॉर्ड्सबद्दल मी काही लिहिलं नाही. लिहिलं, "कोपर खाली जातंय. बसायची उंची वाढव. उशी नको, दबते."

पाच मिनिटांनी उत्तर: "दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवलाय. चालेल?"

"किती?"

"नऊ."

"फोटो पाठव."

फोटो आला. कोपर आता पट्ट्यांच्या वर.

"तीन काढ," मी लिहिलं, आणि बल्ब बघायला उठले.