‘बिचारी’ नव्हे, ठकी!

मराठी भाषेनं कुत्र्याला फारसं चांगलं वागवलेलं नाही. एखाद्याची दैना झाली, की त्याचे हाल कुत्रं खात नाही, असं आपण म्हणतो. वाईट मरण आलं, की ते कुत्र्याचं मरण. स्वभाव बदलत नसला, की कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. आपली पुराणं आणि संतकथा मात्र भाषेपेक्षा उदार आहेत. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबासोबत कुत्रा आहे, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तूप घेऊन धावल्याची कथा आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरानं तर एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला. यातल्या एकाही गोष्टीत कुत्रा दिसायला कसा होता, हे कुणी विचारलेलं नाही.

आमच्याकडे ठकी आली, तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न नेमका तोच होता.

ठकी रस्त्यावरची. पुण्यात ऐन पावसाळ्यात एका टेम्पोनं तिला उडवलं आणि प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या मुलांनी तिला उचललं. डावा डोळा काढावा लागला. पापण्या टाके घालून कायमच्या मिटल्या. जबडा जुळला, पण वाकडा जुळला, त्यामुळे जीभ सदैव उजवीकडून बाहेर. कानाच्या टोकाला खाच आहे, ती मात्र अपघाताची नव्हे. नसबंदी झाल्याची ती खूण. संस्थेतून आधी गुबगुबीत पिल्लं जातात, मग देखणी मोठी कुत्री. ठकी कित्येक महिने तिथंच होती. जुन्या लाकडी ठकीसारखा तिचा ओबडधोबड चेहरा पाहून माझ्या पत्नीनं तिचं नाव ठेवलं आणि आम्ही तिला घरी आणलं.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जणू मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम चालला होता. ‘जात कुठली?’, ‘रंग बरा आहे, पण...’, ‘यापेक्षा चांगली मिळाली नसती का?’ सोसायटीत पत्र आलं, की अशा कुत्रीला लिफ्टमधून नेऊ नये, मुलं घाबरतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. ती प्रत मी सचिवांना नेऊन दिली. पण नियमानं लिफ्ट मिळते, जिव्हाळा मिळत नाही. ज्यांच्या नावानं पत्र लिहिलं होतं, त्या मुलांनी मात्र मला दोनच प्रश्न विचारले. ‘हिचा डोळा कुठे गेला?’ आणि ‘आता दुखतो का?’ दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तेव्हा त्यांच्या लेखी विषय संपला.

कुत्र्याचं देखणेपण म्हणजे तरी काय? डॉबरमनचे कान ताठ दिसावेत म्हणून ते कापतात, शेपूट छाटतात, आणि त्याला रुबाब म्हणतात. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि घरोघरी पग आले. त्याचं ते चपटं, गोंडस नाक माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेलं. त्यापायी अनेक पगांना आयुष्यभर धड श्वास घेता येत नाही. हौसेनं केलेली मोडतोड आपल्याला सुंदर वाटते आणि अपघातानं झालेली पाहवत नाही. दोष कुत्र्याच्या तोंडात नाही, आपल्या नजरेत आहे.

खुद्द कुत्र्याला या भानगडीचा पत्ताच नसतो. १९७० साली गॉर्डन गॅलप या शास्त्रज्ञानं चिंपांझींना आरशासमोर बसवून ते स्वतःला ओळखतात का, हे तपासलं. त्या परीक्षेत कुत्रे नापास होतात. त्यांचं जग वासाचं. डोळे उघडायच्या आधीच पिल्लू वासानं आईपाशी पोहोचतं. ठकीला ती स्वतः कशी दिसते हे ठाऊक नाही, आणि मी कसा दिसतो याच्याशीही तिला कर्तव्य नाही.

माणसाचं हे प्रेम आजकालचं फॅड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक हकिकत. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली खाणकामगारांना एक प्राचीन दफन सापडलं. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचं सुमारे सात महिन्यांचं पिल्लू होतं. त्याच्या दातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की त्या पिल्लाला डिस्टेंपर झाला होता आणि माणसाच्या शुश्रूषेवाचून ते इतके आठवडे जगलंच नसतं. शिकार नाही, राखण नाही; त्या आजारी जिवाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याला भरवलं, पुसलं, उबेला घेतलं.

पण या प्रेमाला दया म्हणावं का? माझी मोठी बहीण, आक्का, लहानपणच्या पोलिओमुळे एका पायानं अधू आहे. ती सांगलीहून आली होती, तेव्हा एक पाहुणे ठकीकडे बघून हळहळले, ‘बिचारी!’ आक्का शांतपणे म्हणाली, ‘तिला बिचारी म्हणू नका. आमच्या गल्लीत हा शब्द मी चाळीस वर्षं ऐकलाय. म्हणणारा म्हणून निघून जातो. ज्याला म्हणतात, त्याला पुढे दिवस काढायचा असतो.’ मग तिनं भाताचा मऊ घास ठकीच्या तोंडाच्या बरोबर उजव्या कोपऱ्यात ठेवला. कुणी न सांगता!

दया आणि प्रेम यांतला फरक मला त्या घासात दिसला. दया जखमेकडे बघते. प्रेम घास कुठून भरवायचा ते बघतं. ठकीला डाव्या अंगानं हात लावायचा असेल, तर आधी हाक मारावी लागते, नाहीतर ती दचकते. फिरायला नेताना तिची आंधळी बाजू आपल्याकडे ठेवायची. पाणी पसरट भांड्यात द्यायचं. डॉक्टरांचा खर्च आहे, औषधं आहेत, गावाला जायचं तर तिची सोय बघावी लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी भावनेच्या भरात कुत्रं आणू नये. एकदा रस्त्यावर आलेल्या जिवाला दुसऱ्यांदा रस्त्यावर सोडण्यासारखं पाप नाही. ज्यांना जमेल त्यांनी मात्र संस्थेत गेल्यावर पिल्लांच्या पिंजऱ्यापुढून दोन पावलं आणखी आत जावं.

ठकीच्या उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरू लागला आहे. वयाच्या मानानं शस्त्रक्रिया झेपेल की नाही, याचा विचार डॉक्टर करताहेत. दिसेनासं झालं तरी नाक आणि सवय यांच्या आधारानं ती घरात नीट वावरेल; फक्त सामानाच्या जागा बदलू नका, असं त्यांनी सांगितलंय. दिवाळीत दिवाणखान्याची मांडणी बदलायचा आमचा बेत होता. सोफा आहे तिथंच आहे.