दौंडला समुद्र येणार नाही, पूर येईल

समुद्र वाढला की एक दिवस दौंड-शिरूरही पाण्याखाली जाणार, असं कुणीतरी मोबाईलवरचा नकाशा दाखवून सांगतं. काहीतरीच! दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंचावर आहेत. जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र चढेल साधारण ६५ ते ७० मीटर. ती काळजी कोकणातल्या खाडीकाठच्या गावांची, आणि भरती थोपवणारे खारबंधारे ती पिढ्यान्‌पिढ्या बांधत आली आहेत.

समुद्र फक्त बर्फामुळे वाढतो, हेही अर्धंच खरं. १९७१ ते २०१८ या काळातली जवळपास निम्मी वाढ पाणी तापून फुगल्यामुळे झाली.

मग "समुद्र तापला तर तापला, आपलं काय जातंय?" हा समज सगळ्यात महागात पडणारा. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिप्पट झाल्या, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यामागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट आहेत. तो पाऊस आपल्या शिवारात पडेलच असं नाही, आपण पर्जन्यछायेतले. पण मावळ-मुळशीत कोसळला की धरणांतून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं आणि दौंडकडे निघतं. वर ऊन, खाली नदी दुथडी. उजनी धरणाकडे डोळे लावून बसलेले सोलापूरकर पावसाळ्यात विचारतात, "दौंडचा विसर्ग किती?" आकडा वाढला की ते खूश. काठावरचा शेतकरी मात्र त्याच वेळी अंधारात, गुडघाभर चिखलात, पाण्यातली मोटार दोरखंडानं वर ओढत असतो. म्हणून "इथं पाऊस नाही, पूर कसला?" असं म्हणणाऱ्याचं काही ऐकू नये. डोक्यावरचं आभाळ नको, खडकवासला धरणाच्या विसर्गाचा आकडा बघावा.

पूररेषेबद्दलचा घोळ वेगळाच. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. त्यावरून लोक हिशेब मांडतात: परवाच येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत. पण नदी पाळी लावत नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी चढण्याची शक्यता दरवर्षी शंभरात चार, गेल्या साली पूर आलेला असो वा नसो. शिवाय हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेलं.

नदीकाठी प्लॉट घेताय? सातबाऱ्याआधी पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा नकाशा मागा.