अंधारातले रोप उंच का झाले?

चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यासाच्या तासाला मी मूग दिले होते. घरी जाऊन अर्धे दाणे खिडकीत रुजवायचे, अर्धे बंद कपाटात. आणि आठवड्याने काय दिसले ते वहीत लिहायचे. वह्या आल्या. जवळजवळ सगळ्यांचे उत्तर एकच : ‘उजेडातील रोपे वाढली, अंधारातील वाढली नाहीत.’ फक्त एका मुलीने लिहिले होते, ‘कपाटातील रोपे जास्त उंच झाली.’ मी लाल पेनाने फुली मारली.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि हळूच म्हणाली, ‘‘टीचर, मी पट्टीनं मोजलंय.’’

त्या रात्री मी स्वतः मूग भिजत घातले. सहा दिवसांनी कपाट उघडले, तर मुलगी बरोबर होती. अंधारातील रोपे खिडकीतल्या रोपांपेक्षा उंच होती. मात्र बारीक, पिवळट आणि वाकलेली.

याचे कारण सोपे आहे. दाण्याच्या दोन डाळींमध्ये अन्न साठवलेले असते. रुजायला आणि सुरुवातीला वाढायला तेवढे पुरते. हवे असते ते पाणी, हवा आणि ऊब. अंधारातला कोंब उजेड शोधत भराभर लांबतो. उजेड नसल्याने त्यात हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून तो पिवळा राहतो. साठा संपला की स्वतःचे अन्न करता येत नाही आणि रोप मरते. म्हणजे पुस्तकही चुकीचे नव्हते. ‘उंच’ आणि ‘निरोगी’ यांतला फरक आम्ही विचारलाच नव्हता.

मला खरी टोचणी लागली ती बाकीच्या वह्यांची. त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले सोडून, टीचरला आवडेल ते लिहिले होते. घरात आपण त्यांना खोटे बोलू नका म्हणून शिकवतो आणि वहीत मात्र तेच करायला लावतो! सुमारे 965 साली बसरा येथे जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाझिर’मध्ये प्रकाश आणि दृष्टी यांचा अभ्यास मांडला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, हे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत त्यांनी नुसत्या आदरापोटी मान्य केले नाही, तपासून पाहिले. आपल्या मुलांनाही तेवढी मोकळीक हवी.

हा प्रयोग घरी असा करा :

1. चांगले 20 मूग रात्रभर भिजवा.
2. दोन बशांत ओला कापूस पसरून प्रत्येकीत 10 दाणे ठेवा. एक बशी खिडकीत, दुसरी कपाटात.
3. दोन्हींना सारखेच पाणी द्या. कापूस ओला राहावा, दाणे बुडू नयेत. फरक फक्त उजेडाचा असू द्या. नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार नाही.
4. सुरू करण्याआधी मुलाला विचारा, ‘‘तुला काय वाटतं?’’ त्याचा अंदाज लिहून ठेवा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही.
5. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा असरनंतर, उंची पट्टीने मोजून रंगासह लिहू द्या.
6. आठव्या दिवशी कपाटातली बशी खिडकीत आणा. एक-दोन दिवसांत पिवळी पाने हिरवी होऊ लागतील. तेव्हा मुलाचा चेहरा पाहा!

शेवटी रोपे कचऱ्यात टाकू नका. कुंडीत लावा आणि पाणी घालायची जबाबदारी मुलावर द्या. जिवंत वस्तू हाताळली की तिची काळजीही घ्यायची, हेही त्याच धड्यात येते.

अम्मी-अब्बांना एकच विनंती. मुलाने ‘‘असं का?’’ म्हटले की लगेच उत्तर देऊ नका. ‘‘चल, बघू या’’ म्हणा. सूरह अनआमच्या 95व्या आयतीत दाणा आणि खजुराची बी फोडून अंकुर बाहेर काढणाऱ्या अल्लाहच्या कुदरतीचा उल्लेख आहे. मुलाने ती आयत पाठ केली असेल. तो दाणा फुटताना त्याने एकदा डोळ्यांनीही पाहावा.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर ती फुली खोडली, तिथे ‘बरोबर’ लिहिले आणि त्या मुलीची माफी मागितली. पुढच्या प्रयोगाच्या वेळी वह्या आल्या, तेव्हा उत्तरे एकसारखी नव्हती. तपासायला मला दुप्पट वेळ लागला. अल्हम्दुलिल्लाह!