'सेट'ची सत्ता कशी गेली

अगडबंब लॅटिन शब्दांना कोशकार घाबरत नाही. दोन ओळींत त्यांचा निकाल लागतो. त्याचा घाम काढतात ते 'सेट', 'रन', 'पुट' असले चिमुकले शब्द. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम संपले १९२८ साली. मुख्य संपादक जेम्स मरे १९१५ मध्येच गेले. त्यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत वाचकांनी पाठवलेल्या अवतरणांच्या लाखो चिठ्ठ्या खणाखणांत लावलेल्या असत. 'सेट'चा ढीग उपसायचे काम सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका शब्दाने सुमारे साठ हजार शब्दांची जागा अडवली. अर्थ होते ४३० च्या आसपास.

एवढे अर्थ आले कुठून? इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचेच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. मराठी माणसाला हे सांगावे लागू नये. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, कोंदणात हिरा बसवतो. हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो. यांतल्या हिऱ्याला आणि हाडाला इंग्रजीतही 'सेट'च चालते. मग घड्याळ, सापळा, जेवणाचे टेबल असे करत शब्द पसरत गेला. सिमेंट घट्ट होते तेही 'सेट', सूर्य मावळतो तेही 'सेट'! भांड्यांचा संच मात्र वेगळ्या घराण्यातला. तो जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन 'सेक्टा'वरून आला. 'सेक्ट', म्हणजे पंथ, त्याचा भाऊबंद. उच्चार जुळले आणि दोन्ही घराणी एकमेकांत मिसळली.

मराठीनेही 'सेट' उचलला, पण आपल्या मर्जीने. 'पोरगा पुण्यात सेट झाला' यातले स्थैर्य आणि 'सेटिंग लावली' यातला काळाबाजार हा आपला संसार आहे.

पुढे 'सेट'चे राज्य गेले. नव्या आवृत्तीच्या कामात आधी 'मेक', मग 'पुट' पुढे सरकले आणि २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी बाजी मारली. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिन्यांहून अधिक गेले. माणूस धावतो, नाक वाहते, यंत्र चालते, उमेदवार निवडणूक लढवतो: सगळीकडे 'रन'. लेखक सायमन विंचेस्टर याचे श्रेय यंत्रयुगाला देतात. कल्पना आकर्षक आहे, पण मला ती अर्धीच पटते. तेव्हा 'रन'ची नोंद नुकतीच नव्याने लिहिली होती, तर 'सेट'ची मूळ नोंद ब्रॅडलींच्या काळातली. शर्यत बरोबरीची नव्हतीच.

आपल्याकडे दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. तो उघडून 'लागणे', 'बसणे', 'मारणे' या नोंदी सवडीने वाचा. इंग्रजीच्या अर्थबाहुल्याचे एवढे अप्रूप वाटणार नाही.