पन्नाशीनंतर परभाषा : स्पॅनिशच्या गावी जाऊन स्पॅनिश शिकताना



"सर्व सोडून या वयात स्पॅनिश कशाला?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा पत्रिकेतच लिहून द्यावे असे ठरवले. आपल्या शाळेतील कितीतरी आजी-आजोबांची मुले आज परदेशी आहेत. त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा, हा दुसरा हेतू.

कारण अगदी घरगुती आहे. आमचा मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला स्थायिक झाला. सूनबाई तिथल्याच. व्याही-विहीण दोघेही प्रेमळ, पण त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही आणि आम्हाला स्पॅनिश येत नव्हते. पहिल्या भेटीत दोन्हीकडची मंडळी तासभर समोरासमोर बसून केवळ हसत होती. पुढे नात झाली. ती बोलू लागेल तेव्हा तिच्याशी बोलण्यासाठी आम्हाला दुभाषा लागणार का, हा विचार मनातून जाईना. म्हणून २०२३ च्या उन्हाळी सुट्टीला रजा जोडून आम्ही चार आठवड्यांसाठी स्पेनमधील सालामांका या गावी विद्यार्थी म्हणून दाखल झालो. तेव्हा आमचे वय होते ५६.

बुडी मारून शिकणे म्हणजे काय?

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपण म्हणतो. भाषेत बुडी मारून शिकण्याची पद्धत याच म्हणीवर उभी आहे. भाषेविषयी शिकायचे नाही, त्या भाषेतच राहायचे. सकाळी वर्ग, दुपारी बाजार, रात्री यजमान कुटुंबाबरोबर जेवण आणि या सगळ्यात मातृभाषेचा आधार शक्य तितका कमी.

ही पद्धत आजची नाही. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयाने १९१५ मध्ये उन्हाळी भाषाशाळा सुरू केल्या. शिकत असेपर्यंत केवळ तीच भाषा बोलू, अशी प्रतिज्ञा तेथील विद्यार्थ्यांना करावी लागते. कॅनडात क्वेबेक प्रांतातील सेंट लॅम्बर्ट येथे १९६५ मध्ये पालकांच्या आग्रहावरून इंग्रजी बोलणाऱ्या बालवाडीतील मुलांना सारे शिक्षण फ्रेंचमधून देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यावर पुष्कळ संशोधन झाले आणि ही पद्धत जगभर पसरली.

मात्र खोल पाण्यात ढकलले तर माणूस पोहत नाही, बुडतो. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी मांडलेला विचार येथे उपयोगी आहे. जे ऐकतो ते आपल्या पातळीच्या किंचितच वर असेल, म्हणजे बराचसा अर्थ संदर्भाने लागत असेल, तरच भाषा अंगी भिनते. म्हणून चांगल्या शाळेत पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन विद्यार्थ्याची पातळी ठरवतात. युरोपात त्यासाठी ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. आम्ही अर्थातच ए-१, म्हणजे पहिल्या पायरीवर.

कुठे जावे?

स्पॅनिश ही जवळजवळ ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि वीस देशांत ती राजभाषा आहे. त्यामुळे निवडीला वाव पुष्कळ. त्यातील दोन गावांविषयी सांगतो.

सालामांका हे स्पेनमधील विद्यानगर. तेथील विद्यापीठ १२१८ मध्ये स्थापन झाले. ज्यांनी १४९२ मध्ये स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण सिद्ध केले, ते आंतोनियो दे नेब्रिखा याच विद्यापीठात शिकले आणि तेथेच त्यांनी शिकवले. आज तेथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचे वर्ग आहेत आणि खाजगी भाषाशाळाही आहेत. संध्याकाळी सारे गाव मुख्य चौकात उतरते. आमच्यासारख्या इंदूरकराला राजवाड्याची आठवण यावी अशी ती गर्दी असते. बाकावर बसलेले म्हातारे स्वतःहून बोलायला येतात आणि तोच खरा तास असतो.

दुसरे गाव मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशातले आंतिग्वा. एकेकाळची ही राजधानी १७७३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि राजधानी दुसरीकडे हलली. जुने गाव मागे राहिले आणि १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. येथील शाळांची ख्याती म्हणजे एका विद्यार्थ्याला एक शिक्षक. साधारणपणे रोज चार तास दोघे समोरासमोर बसतात. ऐकू कमी येणाऱ्या किंवा सावकाश शिकणाऱ्या ज्येष्ठांना ही व्यवस्था फार सोयीची आहे आणि खर्चही स्पेनपेक्षा कमी. मात्र विमानप्रवास लांबचा, गल्ल्या ओबडधोबड दगडांच्या आणि शेजारी जागता ज्वालामुखी. गुडघेदुखी असणाऱ्यांनी विचार करून जावे.

निवड करताना एक साधा नियम पाळावा. ज्यांच्याशी बोलायचे आहे, त्यांची बोली जिथे आहे तिथे शिकावे. 'धन्यवाद' म्हणायला स्पेनच्या बहुतेक भागात 'ग्राथियास' म्हणतात, तर लॅटिन अमेरिकेत 'ग्रासियास'. मुले अमेरिकेत असतील तर तेथे कानावर पडणारे स्पॅनिश बहुधा मेक्सिकोच्या किंवा मध्य अमेरिकेच्या वळणाचे असते. शब्दांचे अर्थही बदलतात. स्पेनमध्ये 'तोर्तिया' म्हणजे अंडी आणि बटाटे घालून केलेले जाड ऑम्लेट, तर ग्वाटेमालात 'तोर्तिया' म्हणजे मक्याची भाकरी! शाकाहारी मंडळींनी हा फरक जरूर लक्षात ठेवावा.

मराठी माणसाला सोपे काय?

येथे आम्हाला सुखद धक्का बसला. आमच्या वर्गातील इंग्रज आणि जर्मन सहाध्यायी एका वाक्यापाशी अडखळत होते. ते वाक्य 'मे गुस्ता एल काफे'. शिक्षिका परोपरीने समजावीत होत्या की येथे 'मी' हा कर्ता नाही. आम्हाला समजावण्याची गरजच पडली नाही. कारण हे तर 'मला कॉफी आवडते'! कॉफीच्या जागी आंबे आले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे 'मला आंबे आवडतात'. अनेकवचनाने क्रियापद बदलते तेही आपल्यासारखेच.

असे आणखी पुष्कळ आहे. 'खातो आहोत' म्हटले की 'आम्ही' वेगळे सांगावे लागत नाही, तसेच तिकडेही क्रियापदावरून कर्ता कळतो. वडीलधाऱ्यांना 'उस्तेद' आणि जवळच्यांना 'तू'. हा 'तू' तर उच्चारानेही आपलाच. त आणि द हे वर्ण दातांना जीभ लावून म्हणायचे, जे इंग्रजांना जमत नाही. लिंगे दोनच आहेत. तीन लिंगे सांभाळणाऱ्याला दोनांचे भय ते काय? पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिच्याकडून मराठीत आलेले शब्द तेथे ओळख देतात. आपला 'पगार' तेथे 'पागार', म्हणजे पैसे देणे. 'पाव' तेथे 'पान' आणि 'बटाटा' स्पेनमध्ये 'पाताता'.

अवघड काय, तेही सांगतो. 'असणे' याला दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. माणूस शिक्षक असणे वेगळे आणि माणूस आजारी असणे वेगळे. भूतकाळाचे प्रकार डोके फिरवतात आणि बोलण्याचा वेग तर विचारू नका!

वयाचा अडसर किती?

खोटी आशा दाखवणे शिक्षकाला शोभत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेसहा लाखांहून अधिक लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली गेली. व्याकरण सहज आत्मसात करण्याची शक्ती साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असे त्यात आढळले. उच्चारांची खिडकी तर त्याहूनही लवकर मिटू लागते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या अनुभवानुसार इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला कामापुरते स्पॅनिश येण्यास वर्गाचे सुमारे ६०० ते ७५० तास लागतात. चार आठवड्यांत आमचे ८० तास झाले. हिशेब आपणच करावा.

पण मोठ्या वयाची जमेची बाजूही आहे. शब्दसंपत्ती आयुष्यभर वाढते, एक-दोन भाषांचे व्याकरण ठाऊक असते आणि आपण कशासाठी शिकतो हे पक्के माहीत असते. सेर्व्हांतेस यांचा 'दोन किहोते' हा जगप्रसिद्ध ग्रंथ १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय होते ५७ आणि दुसरा भाग आला तेव्हा ६८. वय पुढे करणाऱ्याने त्यांचे स्मरण करावे.

काही व्यावहारिक सूचना. निघण्यापूर्वी इथेच दोन-तीन महिने अक्षरे, आकडे आणि दोनशे शब्द तयार करावेत. दिल्लीत स्पेन सरकारच्या सेर्व्हांतेस संस्थेचे केंद्र आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा लागतो. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊनंतर असते. मधुमेही मंडळींनी औषधांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्याव्यात. केवळ 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, 'सिन कार्ने, नी पेस्कादो' (मांस नको, मासेही नको) असे स्पष्ट सांगावे. आणि वर्गात आपल्या देशाचे सोबती शोधू नयेत, नाहीतर बुडी कोरडीच राहते.

बाकावर बसल्यावर जे कळले

आता मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात आम्ही वर्गात जवळजवळ गप्प होतो. तीस वर्षे ज्यांनी मुलांना "उभा राहा, उत्तर दे" म्हटले, त्यांना बाविशीच्या शिक्षिकेने प्रश्न विचारताच घशाला कोरड पडत असे. समजत सगळे होते, ओठांवर येत नव्हते. एके रात्री घरमालकीणबाईंना 'भूक लागली' म्हणायचे होते. 'तेंगो आंब्रे' ऐवजी 'तेंगो ओंब्रे' म्हणून बसलो, म्हणजे 'माझ्याकडे पुरुष आहे'. त्या मनमुराद हसल्या, ताट वाढले आणि वाढता वाढता 'आंब्रे, आंब्रे' असे सहज दोनदा म्हणाल्या. ना रागावल्या, ना नियम सांगितला. तो शब्द आम्ही पुन्हा चुकलो नाही.

त्या रात्री जुनी आठवण जागी झाली. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तरुणपणी पुण्याच्या एका लग्नात आम्ही "मी येऊन राहिलो आहे" असे म्हणालो आणि मांडवात हशा पिकला. हसणे तेच, पण तिथे ताट वाढणारे कोणी नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही पाहुण्यांसमोर मराठी बोलायचे टाळत असू. भाषा वयाने जाते त्याहून अधिक लाजेने जाते, हे आम्हाला सालामांकात कळले.

आपल्या कितीतरी घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. त्याला येत नाही असे नाही, तो चुकायला भितो. परदेशी जाऊन पैसे मोजून आम्ही जी बुडी घेतली, ती या मुलांना घरच्या ओसरीवर फुकट मिळू शकते. अट एकच, चुकल्यावर हसून ताट वाढणारे कोणीतरी हवे.

म्हणून या सत्रापासून दर शनिवारचा शेवटचा तास 'फक्त मराठी' राहील. त्या तासाला चुका काढल्या जाणार नाहीत. शिक्षक योग्य रूप सहज बोलण्यात आणतील, इतकेच. आजी-आजोबांनी येऊन मुलांशी गप्पा माराव्यात, ही आग्रहाची विनंती. नावे कार्यालयात द्यावीत.

आणि आमचे स्पॅनिश? परीक्षेला बसलो तर कदाचित दुसरी पायरी कशीबशी गाठू. पण दर रविवारी संध्याकाळी फोनवर नात "आबुएलो" म्हणून हाक मारते, चार शब्द तिचे, चार आमचे, आणि मध्ये कोणी दुभाषा नसतो. अधूनमधून ती आमचे क्रियापद दुरुस्त करते. आम्ही "ग्राथियास" म्हणतो. तिला आता "आजोबा" ही म्हणता येते, फक्त तो 'ज' अजून तिच्या जिभेवर बसायचा आहे. आम्ही तो दुरुस्त करीत नाही, नुसते पुन्हा म्हणून दाखवतो.